जोसन काळातला विद्वान-कवी रंगमंचावर आणायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सतराव्या शतकातल्या कोरियातल्या एका विद्वान कवीवर दीर्घांक लिहायचा आहे. नायक कविता करतो, राजाला खरं सुनावतो, हद्दपार होतो आणि एकांतात मोठा कवी होतो. हा माणूस दिवसभर करायचा काय, कविता कशी लिहायचा, हद्दपारीत नेमकं काय व्हायचं, आणि त्याच्या तोंडी मराठीत सिजो, म्हणजे तीन ओळींचं कोरियन गीत, घालायचा तर नियम काय, हे तुम्हाला हवंय. टोपी, चहा, वीणेसारखं वाद्य यांचे बारकावेही विचारलेत.

बारकाव्यांकडे येतोच. पण नाटक अडेल ते त्यांच्यामुळे नाही. तुम्ही नायकाला ‘कवी’ हा पेशा देऊन ठेवलाय, आणि जोसन राजवटीत (१३९२–१९१०) यांगबान, म्हणजे उच्चकुलीन विद्वान-अधिकारी वर्गातल्या माणसाला असा पेशाच नव्हता. तो घराण्याचा वारस असे, परीक्षार्थी असे, अधिकारी किंवा पदावरून काढलेला अधिकारी असे, पितरांचे विधी करणारा कर्ता पुरुष असे, बहुधा जमीनदारही असे. कविता त्याला यायलाच हवी, कारण परीक्षेत ती होती आणि मित्रमंडळात तिच्यावाचून बसता येत नसे. पण कवितेवर पोट नव्हतं आणि कवी म्हणून पद नव्हतं. दुसरी गोष्ट, तो दोन भाषांत कविता करायचा. कागदावरची प्रतिष्ठित कविता अभिजात चिनीत, आणि गायची असेल ती कोरियनमध्ये. तुम्ही ज्याला सिजो म्हणता तो या दुसऱ्या खणातला. तो मुळात वाचायचा मजकूर नव्हता, गाण्याचे बोल होते. एवढं पक्कं धरलंत तर निम्मे प्रसंग आपोआप सुधारतील.

बाकी बरंच दशकावर, राजकीय गटावर आणि घरच्या पैशावर अवलंबून आहे. १५८० सालचा माणूस आणि १७८० सालचा माणूस यांच्या टोप्याही सारख्या नाहीत. म्हणून ढोबळ ‘जोसन कवी’ न घेता एक खरा माणूस नमुना म्हणून समोर ठेवा, असं मी नाटकवाल्यांना नेहमी सांगतो. तुमच्या कथानकाला सगळ्यात जवळचा आहे युन सॉन-दो (१५८७–१६७१), टोपणनाव कोसान.

त्याची कुंडली अशी. दक्षिण किनाऱ्यावरच्या हेनामचं श्रीमंत युन घराणं. आठव्या वर्षी काकाकडे दत्तक, कारण थोरल्या शाखेला वारस नव्हता. १६१२मध्ये परीक्षेची पहिली पायरी पार. १६१६मध्ये, अजून राजधानीतल्या सॉंगग्युनग्वान विद्यापीठाचा विद्यार्थी असताना, दरबारातला सर्वात ताकदवान माणूस यी इ-चॉम याच्याविरुद्ध राजाला अर्ज. परिणाम: स्वतः उत्तर टोकाच्या क्यॉंगवॉनला हद्दपार, दत्तक वडिलांची नोकरी गेली. १६२३मध्ये राजा बदलला तेव्हा सुटका. १६२८मध्ये दोन राजपुत्रांचा शिक्षक, त्यांतला एक पुढे राजा ह्योजोंग झाला. १६३६च्या हिवाळ्यात मांचू फौजा चालून आल्या. हा माणसं जमवून जहाजाने कांगह्वा बेटाकडे निघाला, बेट पडल्याचं आणि राजाने शरणागती पत्करल्याचं कळलं, तेव्हा जेजू बेटाकडे वळला आणि वाटेत बोगिल्दो बेट आवडलं म्हणून तिथेच उतरला. राजाची भेट न घेता निघून गेला या आरोपावरून १६३८मध्ये दुसरी हद्दपारी. तिसरी १६६०मध्ये, वय सत्तरीपार. तिन्ही मिळून चौदा-पंधरा वर्षं होतात. १६७१मध्ये बोगिल्दोवरच मृत्यू.

आता परीक्षा, कारण नायकाच्या तारुण्याचा मोठा भाग तिच्यात जाणार. नियमित परीक्षा दर तीन वर्षांनी. पहिल्या पायरीत दोन वाटा, एक अभिजात ग्रंथांची आणि एक काव्यरचनेची, प्रत्येकीत १०० जण उत्तीर्ण. वरच्या पायरीत अख्ख्या देशातून ३३. शिवाय राजघराण्यात काही मंगल घडलं की खास परीक्षा. युन सॉन-दोची वरची पायरी १६३३च्या अशाच एका परीक्षेत पार झाली, म्हणजे पहिलीनंतर २१ वर्षांनी, मधे एक हद्दपारी. नाटकात परीक्षेचा प्रसंग घेतलात तर एक गोष्ट जरूर वापरा: उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकून चिकटवलेलं असे, आणि कारकून ती लाल शाईत पुन्हा उतरवून काढत, म्हणजे परीक्षकाला हस्ताक्षर ओळखता येऊ नये. तरीही वशिला चालायचाच. १६१६च्या अर्जातल्या तक्रारींत परीक्षेतल्या गैरप्रकारांचाही मुद्दा होता.

मधेच वडील किंवा आई गेली तर सगळं ठप्प. शोक नावाला तीन वर्षांचा, प्रत्यक्षात दोन वर्षं आणि वर थोडे महिने. या काळात पद सोडायचं, मांस नाही, संगीत नाही, काटेकोर माणूस थडग्याजवळ झोपडी बांधून राहायचा. कोरियन मालिकांत हे दिसत नाही, कारण कथानकाला अडसर होतो. नाटकाला मात्र हे सोयीचं आहे. नायकाला दोन वर्षं गप्प बसवायचं सबळ कारण तुम्हाला फुकट मिळतं, आणि त्या काळात तो कॉमुन्गोला (तुम्ही विचारलेलं वीणेसारखं वाद्य) हात लावत नाही हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

खोलीकडे या. पुरुषांची बैठक बाहेरच्या बाजूला, बायकांचं घर आत. जमिनीखालून चुलीची ऊब फिरते, त्याला ओन्दोल म्हणतात. जमीनच गरम असल्यामुळे सगळं आयुष्य जमिनीवर: गादी, टेकायला लोड, गुडघ्याएवढं बुटकं मेज, कागदी खिडकी. खुर्ची आणू नका. दिवा तेलाचा. मेणबत्ती महाग असे, तेव्हा डझनभर मेणबत्त्या लावून लिहिणारा कवी हा छायाचित्रकाराचा हट्ट समजा.

शाई उगाळण्याचा प्रसंग तुम्ही घेणारच, म्हणून तो नीट सांगतो. शाईची कांडी म्हणजे चिडाच्या लाकडाची किंवा तेलाची काजळी आणि प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा सरस. दगडी दौतीच्या सपाट भागावर छोट्या पाणीदाणीतून चार-पाच थेंब पाणी. कांडी उभी धरायची, हळू गोल फिरवायची, वजन फक्त कांडीचं. आपल्याकडे सहाणेवर गंध उगाळतात तसा जोर लावायचा नाही. जोर लावला की भरड कण सुटतात आणि रेघ खरखरीत येते. दहा-पंधरा मिनिटांत शाई जराशी दाट होऊन दौतीवर कांडीचा माग रेंगाळायला लागला की झालं. पाणी जास्त पडलं तर हान्जी या कोरियन कागदावर कडा फुटतात. कालची शाई वापरायची नाही, सरस धरतो किंवा उन्हाळ्यात कुजतो, रंग मेलेला येतो. काम झाल्यावर कांडी पुसून कोरडी करायची, नाहीतर तडकते. कुंचला मुळापर्यंत धुवायचा, नाहीतर सरस मुळात बसून केस फाकतात. उत्तम कुंचला तिथल्या रानमुंगसासारख्या पिवळसर प्राण्याच्या, वीझलच्या, शेपटीच्या केसांचा. नटाला सांगा: कुंचला उभा, मनगट मेजाला न टेकवता, डाव्या हाताने उजवी बाही मागे धरलेली, ओळी वरून खाली, आणि स्तंभ उजवीकडून डावीकडे.

इथे तो जे लिहितोय ती चिनी कविता. पाच किंवा सात अक्षरांची ओळ, चार किंवा आठ ओळी, सम ओळींना यमक, आणि शब्दांच्या सुरांचे ठरलेले नमुने. गंमत अशी की कोरियन भाषेत ते चिनी सूर उच्चारात नव्हतेच. कोणता शब्द कोणत्या सुराचा, हे कोरियन विद्वान यमककोशांतून पाठ करायचे. कानाला न ऐकू येणारा नियम डोक्याने पाळायचा! मित्र जमले की एकजण यमकाचे शब्द ठरवून देई, बाकीच्यांनी त्याच शब्दांवर, त्याच क्रमाने कविता रचायची, जमलं नाही तर दंड म्हणून दारूचा प्याला. गेलेल्या मित्राच्या जुन्या कवितेची यमकं घेऊन नवी कविता करणं ही श्रद्धांजलीची रीत होती. तुम्हाला मैत्रीचा प्रसंग हवा असेल तर मिठ्या मारण्याऐवजी हा घ्या.

आता गाणं. यी ह्वांग हा सोळाव्या शतकातला सर्वात मान्यवर तत्त्वज्ञ. त्याने १५६५मध्ये बारा कोरियन गीतं रचली आणि शेवटच्या टिपणात कारण सांगितलं: आजची चिनी कविता म्हणता येते पण गाता येत नाही, गायचं असेल तर लोकांच्या बोलीतच रचायला हवं. पुढे तो लिहितो की मुलांनी सकाळ-संध्याकाळ ही गाणी गावी, नाचावं, आणि आपण टेकून ऐकावं. एवढ्या गंभीर माणसाने बोलीतल्या गाण्यासाठी असं समर्थन द्यावं लागणं, यावरून त्या गाण्याची पायरी कळते. युन सॉन-दोचा समग्र संग्रह अठराव्या शतकाच्या अखेरीस लाकडी ठशांवर छापला गेला तेव्हाही, आज ज्यांच्यामुळे तो ओळखला जातो ती ७५ कोरियन गीतं शेवटच्या खंडातच गेली.

ती गायची कशी, हे कळल्याशिवाय सिजोची घडण कळत नाही. रचना तीन ओळींची, प्रत्येक ओळीचे चार गट. अक्षरसंख्या साधारण ३-४-३-४, पुन्हा ३-४-३-४, आणि तिसरी ओळ ३-५-४-३. गटांत एखाद-दुसरं अक्षर कमी-जास्त चालतं, त्याला कुणी हरकत घेत नाही. दोन जागा मात्र कडक: तिसऱ्या ओळीचा पहिला गट तीनच अक्षरांचा, आणि दुसरा गट पाच किंवा जास्त. हा नियम आला कुठून? दरबारी आणि विद्वानांच्या गायनात हे तीन ओळींचे बोल पाच भागांत गायले जातात. पहिल्या ओळीचे दोन भाग, दुसरी ओळ तिसऱ्या भागात, मग नुसती वाद्यं वाजतात, आणि त्यानंतर चौथ्या भागात फक्त ती तीन अक्षरं. अख्खा एक भाग तीन अक्षरांवर! उरलेली ओळ पाचव्या भागात. ही पाच भागांची बांधणी १६१०च्या कॉमुन्गोच्या स्वरलिपीतही आहे, म्हणजे तुमच्या नायकाच्या काळाला अगदी लागू.

म्हणून त्या तीन अक्षरांत कवी माहिती भरत नाही. तिथे हाक येते, सुस्कारा येतो, ‘राहू दे’, ‘अहाहा’, ‘अरे मुला’ असं काहीतरी. श्रोता वाद्यांच्या मध्यंतरानंतर त्या हाकेची वाट पाहत असतो, आणि लगेच येणाऱ्या लांब गटात कविता वळण घेते.

मराठीत करायला हे अवघड नाही, कारण ओवी-अभंगामुळे अक्षरं मोजायची सवय आपल्याला आहे. जोडाक्षर एकच धरा. बोलताना गिळला जाणारा शेवटचा ‘अ’ गाताना उच्चारला जातो, म्हणून तोही मोजा. नमुन्यादाखल, तुमच्या नायकासाठी रचलेला:

समोर धुक्याआड डोंगर हरवला
निरोप नेणाऱ्याला पाऊस अडवतो
असू दे, उद्याचं पत्र आजच मी लिहितो

मोजून पाहा, ३-४-३-४, ३-४-३-४, ३-५-४-३. नवशिक्यांचा सिजो फसतो तो तीन ठिकाणी. एक, तिसऱ्या ओळीत वळणच नसतं, दुसऱ्या ओळीचं चित्र पुढे चालू राहतं. मग ते हायकूचं लांबवलेलं रूप वाटतं. दोन, शेवटी यमक जुळवण्याचा मोह. कोरियन सिजोला यमक नाही, आणि मराठीत यमक आलं की चारोळी ऐकू येते. तीन, गट शब्दाच्या मधोमध तुटतो. ‘कुंपणापलीकडे’ हा सात अक्षरांचा शब्द ३-४ मध्ये बसतो खरा, पण गाताना ‘कुंपणा’ नंतर श्वास घेतला की अर्थ मोडतो.

आणखी एक: संवादात ‘सिजो’ हा शब्द नायकाच्या तोंडी नको. या गीतांना ते नाव अठराव्या शतकात मिळालेलं दिसतं. तुमचा माणूस ‘गाणं’ म्हणेल.

आता ज्या रचनेमुळे बहुतेक लोक या कवीकडे वळतात ती. १६५१च्या शरदात बोगिल्दोवर त्याने कोळ्याच्या चार ऋतूंवर ४० गीतं रचली, दर ऋतूला दहा. आधीच्या काळात अशा कोळीगीताची परंपरा होती, १५४९मध्ये यी ह्यॉन-बो या वृद्ध अधिकाऱ्याने एक जुनी रचना नव्याने बांधली होती, तिच्यावरून हे सुचलं. पण युनने त्यात नावेचा अख्खा दिवस बसवला. प्रत्येक गीतात पहिल्या ओळीनंतर एक हुकूम येतो, आणि दहा गीतांतले हुकूम क्रमाने असे: नाव पाण्यात लोटा, नांगर उचला, शीड उभारा, वल्ही मारा, पुन्हा वल्ही मारा, शीड उतरवा, नाव थांबवा, नाव बांधा, नांगर टाका, नाव किनाऱ्याला लावा. दुसऱ्या ओळीनंतर दरवेळी एकच ध्रुवपद, ‘जिगुकचोंग जिगुकचोंग ऑसावा’, म्हणजे वल्ह्याची करकर आणि वल्हवणाऱ्याची हाळी. चार ऋतूंत हाच क्रम चार वेळा. मी या गीतांवर काम करताना हे हुकूम कधीच गाळत नाही. ते काढले की उरतं ते निसर्गवर्णन, आणि तसं निसर्गवर्णन त्या काळात पैशाला पासरी होतं.

आणि इथेच तुमच्या ‘एकांतातल्या गरीब कवी’ला धक्का बसतो. १७४८मध्ये याच घराण्यातल्या युन वीने बेटाचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यात म्हाताऱ्याचा दिनक्रम आहे. कोंबडा आरवताच उठणं, आवरून बसून शिष्यांना शिकवणं, मग चाकांच्या गाडीतून, वादक बरोबर घेऊन बाहेर. हवा छान असली की सेयॉनजॉंग या तळ्याकाठच्या मंडपाकडे, मागोमाग लहान गाडीत खाणं आणि दारू. तळ्यात छोटी नाव, नावेत रंगीत कपडे घातलेली पोरं, आणि ती पोरं संथ लयीत हीच कोळ्याची गीतं गातायत. मंडपात वाद्यं, दोन्ही बाजूंच्या दगडी चौथऱ्यांवर नाच. म्हणजे समुद्रावरच्या कोळ्याचं गाणं, कोळी नसलेल्या मुलांनी, बागेतल्या तळ्यावर गायलेलं.

ते तळंही बघण्यासारखं आहे. ओढा अडवायला सुमारे ११ मीटर लांबीचा दगडी बंधारा: दोन्ही बाजूंना उभ्या फरश्या, वर आडव्या फरश्या, आत भराव. उन्हाळ्यात त्यावरून चालत जाता येतं, पावसात त्यावरून पाणी धबधब्यासारखं पडतं. मंडपाच्या बाजूच्या दुसऱ्या तळ्याला पाणी यायला पाच तोंडं आणि जायला तीन, त्यामुळे पातळी टिकते आणि पाणी फिरतं राहतं. मंडपात मधली खोली खालून तापवता येणारी, भोवती लाकडी ओटा. आजचा मंडप पुन्हा बांधलेला आहे, पण दगडकाम आणि तळी जागच्या जागी आहेत.

हे सगळं कुणाच्या श्रमावर? घराण्याकडे नोबी, म्हणजे वंशपरंपरेने बांधलेले दास होते. हेनामच्या वाड्यात १३५४ सालचा दासांविषयीचा दस्तऐवज आजही जपून ठेवलाय. मला स्वतःला यात ढोंग दिसत नाही. कोळी हे सत्तेपासून दूर राहणाऱ्या शहाण्याचं चिनी परंपरेतलं जुनं रूपक होतं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. पण नाटकात नावेत गाणारी पोरं दिसलीच पाहिजेत, आणि त्यांना कपडे कुणी दिले तेही.

हद्दपारीचं. ती कैद नव्हे. कायद्याच्या हिशोबात अंतर मोजलं जाई, २०००, २५०० किंवा ३००० री (तिथलं अंतराचं माप), आणि त्यासोबत १०० फटके लिहिलेले असत, ते अधिकारी वर्गातल्या माणसाला बहुधा दंड भरून टळत. देश तेवढा लांब नसल्यामुळे अंतर वळणावळणाने भरून काढायचे किंवा सरळ टोकाचं गाव निवडायचे. मुदत नसे. राजाचं मन वळेपर्यंत किंवा राजा बदलेपर्यंत. गावात एखाद्या घरी राहायचं, त्या घरावर त्याच्या जेवणाचा भार, म्हणून पहिले महिने यजमान कुरकुरतोच. स्थानिक दंडाधिकाऱ्यासमोर हजेरी. कडक शिक्षा असेल तर घराभोवती काटेरी झुडपांचं कुंपण, त्याबाहेर पाऊल नाही. बाकीच्यांना गावात फिरता येई, पोरांना शिकवता येई, पत्रं येत-जात. युनची पहिली उपलब्ध कोरियन गीतं याच क्यॉंगवॉनमधली, १६१८ची: विषय आईवडिलांपासून दूर असणं आणि राजाशी निष्ठा. बंडखोरी त्यात शोधू नका. आधीच्या पिढीतला कवी-अधिकारी जॉंग चॉल (१५३६–१५९३) याने तर पद गेल्यावर राजाची आठवण विरहिणी स्त्रीच्या आवाजात गायली, आणि त्यात त्या काळच्या कुणाला काही खटकलं नाही.

मग ‘राजाला तोंडावर सुनावणं’? तो प्रसंग काढाच. काम लेखी अर्जाने होतं. अर्ज राजाच्या सचिवालयात जातो, तिथे अडू शकतो, विरोधी गट त्यावर उलटे अर्ज पाडतो. तुम्हाला आग हवी असेल तर १६६० घ्या. आदल्या वर्षी राजा ह्योजोंग वारला. तो आधीच्या राजाचा दुसरा मुलगा. त्याच्या सावत्र आईने शोक एक वर्ष पाळायचा की तीन? थोरल्या मुलासाठी तीन, धाकट्यासाठी एक. विरोधी गटाचा नेता सोंग सी-यॉल याच्या गटाने एक वर्ष ठरवलं. युनने अर्ज लिहिला: एक वर्ष म्हणजे ह्योजोंग खरा वारस नव्हता असं म्हणणं, म्हणजे आत्ताच्या राजाच्या गादीलाच हात घालणं. अर्ज जाळण्यात आला आणि आपल्या माजी विद्यार्थ्याच्या बाजूने बोलणारा हा सत्तरीपारचा शिक्षक थेट उत्तरेच्या सामसूला गेला, कोरियन म्हणींत आजही शेवटचं टोक म्हणून येणारं ठिकाण. सुतकाच्या कपड्यांवरून एवढं? मराठी प्रेक्षक हसण्याची भीती आहे, म्हणून वारसाहक्काचा मुद्दा आधीच्या प्रवेशात पेरून ठेवा.

बारीकसारीक पटापट. लग्न झालेल्या पुरुषाचा डोक्यावर गाठ मारलेला अंबाडा, त्याखाली कपाळावर घोड्याच्या केसांची घट्ट पट्टी, आणि बाहेर जाताना बांबूच्या काड्या व घोड्याच्या केसांची काळी टोपी, ‘गात’. सतराव्या शतकात तिची कड रुंद. अरुंद कडा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. चहा जपून: बौद्ध मठांची सद्दी संपल्यावर विद्वानांत चहा मागे पडला होता, तांदळाची दारू जास्त खरी. किमची लाल नको, मिरची १५९२–९८च्या जपानी स्वारीच्या आसपास आली आणि रोजच्या लोणच्यात शिरायला बराच काळ गेला. तंबाखू मात्र सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला, लांब नळीची चिलीम चालेल. कॉमुन्गोला सहा रेशमी तारा, उजव्या हातात बांबूची काडी, आडवी मांडीवर आणि जमिनीवर टेकलेली. बोटांनी छेडलेली दिसली तर ते दुसरं वाद्य, कायागुम.

नावांनी हाका मारण्यात सगळेच चुकतात. जन्मनाव फक्त वडीलधाऱ्यांनी आणि राजाने घ्यायचं. मित्र टोपणनावाने बोलावतील, ‘कोसान’. धाकट्यांनी पदनाम किंवा ‘गुरुजी’. मराठी संवादात मित्रांना ‘अहो कोसान’ असं अहो-जाहोत ठेवा, वर्गमित्र असले तरी.

थोडक्यात उजळणी: पेशा कवीचा नको, अर्ज लेखी हवा, हद्दपारी म्हणजे यजमानाच्या घरातलं अवघडलेलं राहणं, आणि कोरियन कविता गायलेली हवी, वाचलेली नको.

गाण्याचाच एक व्यवहारी प्रश्न उरतो. जुन्या पाच भागांच्या गायनात एक सिजो संथ चालीत दहा मिनिटं घेऊ शकतो, सोबत पाच-सहा वाद्यं. दीड तासाच्या नाटकात हे परवडणारं नाही. त्यामुळे मी इथे काळाची थोडी मोडतोड मान्य करीन आणि अठराव्या शतकापासूनचा साधा प्रकार घेईन: तीन ओळी, तीन भाग, एक जांगू ढोल, तीनेक मिनिटांत संपणारा. त्या प्रकारात तिसऱ्या ओळीचा शेवटचा गट गातच नाहीत, तो ऐकणाऱ्याने मनात पुरा करायचा. वरच्या नमुन्यात मग नट ‘आजच मी’ वर थांबेल, आणि ‘लिहितो’ म्हणायच्या ऐवजी त्याने पाणीदाणी उचलली तरी पुरे.